चार तासांची पट्टी आणि सहा महिन्यांची रजा

नमस्कार,

तुमच्या पत्राचा गोषवारा असा. साडेतीन वर्षांची लेक दत्तक घेऊन चार महिने झाले. तिच्या डाव्या डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू होता. तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंग बसवलं आणि ते बिल यजमानांच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमने भरलं. आता डॉक्टरांनी चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावायला सांगितली आहे. तुमचा पगार ४६,००० आणि यजमानांचा ७२,०००. घरखर्च ३४,०००, घराचा हप्ता २३,०००, तीन एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) मिळून १८,०००. सहा लाखांची एफडी आहे आणि बचत खात्यात ९०,०००. नोकरी सोडून एफडी मोडावी, की महिना १४,००० देऊन मुलीला सांभाळायला बाई ठेवून कामावर जावं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत: नोकरी सोडू नका, एफडी मोडू नका. तुमची कंपनी देतेय ती सहा महिन्यांची बिनपगारी रजा घ्या आणि त्याचा भार एसआयपीवर टाका.

आधी डोळ्याचं बोलते, कारण पैशांचा क्रम त्यावरून ठरतो. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात उजेड शिरतो, पण मेंदूला त्या डोळ्याने बघायची सवयच नसते. ती सवय लावायचं काम पट्टी करते. साधारण सात वर्षांपर्यंत हा उपचार सर्वांत चांगला लागू पडतो, पुढे परिणाम घटत जातो. एकाच डोळ्याला मोतीबिंदू असला की दुसरा चांगला डोळा सगळं काम ओढून घेतो, म्हणून इथे पट्टी टाळून चालत नाही.

आणि हे काम बाईवर सोपवण्याजोगं आत्ता तरी नाही. चांगला डोळा झाकला की तिला सगळं धूसर दिसतं. ज्या मुलीने संस्थेत अनेक हात बदलताना पाहिले आणि जी या घरात अवघी चार महिन्यांची आहे, तिला त्या धूसर वेळेत ओळखीचा आवाज आणि ओळखीचा हात लागतो. नवख्या माणसासमोर ती पट्टी ओढून काढेल, बाई म्हणेल लावली होती, आणि पुढच्या तपासणीत नजर जिथल्या तिथे. पट्टी चिकटवायची ती कातडीला, चष्म्याच्या काचेवर नाही. काचेवर लावली की मुलं नाकाच्या बाजूच्या फटीतून चांगल्या डोळ्याने बघून घेतात. पट्टीच्या वेळेत जवळचं बारीक काम द्या: पोह्यातले शेंगदाणे वेचणं, मोठे मणी ओवणं, चित्रात रंग भरणं. कातडी लाल झाली तर पट्टीची दिशा रोज थोडी बदला आणि काढताना कडा पाण्याने भिजवून घ्या. चार तास सलग हवेत की दोन-दोन चालतील, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. तुमचं कामावर परतणं त्या उत्तरावर बरंचसं अवलंबून आहे.

थेंबांचं वेळापत्रक फ्रीजवर लावा. तिला उताणी झोपवून, डोळा मिटलेला असतानाच नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका. डोळा उघडला की तो आत जातो. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणेच कमी करत न्या. मध्येच बंद केले तर सूज उलटते आणि मनाने चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. डोळा लाल होणं, दुखणं, पाणी किंवा घाण येणं, उजेडात डोळा न उघडणं, बाहुलीत पांढरं दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

आता हिशेब. रजेत यजमानांच्या ७२,००० मधून घरखर्च आणि हप्ता मिळून ५७,००० वजा जाता १५,००० उरतात. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून वर्षाचा डोळ्याचा खर्च असा: पुण्याच्या दहा फेऱ्या प्रत्येकी ३,५०० म्हणजे ३५,०००, भूल देऊन करायच्या दोन तपासण्या २४,०००, चष्म्याच्या तीन जोड्या १३,५००, पट्ट्या १२,०००, थेंब २,५००. एकूण ८७,०००, म्हणजे महिन्याला सव्वासात हजार. तीनपैकी ५,००० ची एक एसआयपी चालू ठेवा, बाकी १३,००० थांबवा. उरलेल्या १०,००० मध्ये डोळ्याचा खर्च बसतो आणि पावणेतीन हजार हातात राहतात. पहिल्या तीन महिन्यांत फेऱ्या जास्त होतील, तेवढ्यापुरतं बचत खात्यातून घ्या.

एसआयपी थांबवायची विनंती हप्त्याच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी करा. खात्यात पैसे न ठेवता हप्ता चुकू दिला तर बँक दंड लावते. थांबवण्याची किंमत लपवत नाही: सहा महिन्यांचे ७८,००० दरसाल १० टक्क्यांनी वाढले असते तर १५ वर्षांनी सव्वातीन लाखांच्या आसपास झाले असते. कामावर परतल्यावर दरमहा २,००० जादा घातले तर सव्वातीन वर्षांत मुद्दल भरून निघते. नजरेची अशी भरपाई नंतर होत नाही.

एफडी दहा महिन्यांची झाली आहे. आता मोडली तर बँक दहा महिन्यांचाच दर लावेल आणि वर दंड कापेल. दीड टक्का फरक पडला तरी साडेसात हजार गेले. भिंगामागचं पातळ आवरण गढूळ होऊन पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागणं मुलांमध्ये नवल नाही. तशी वेळ आली आणि विम्याचे पैसे अडकले, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तेवढे पैसे बँकेकडून उचला. ६०,००० चार महिने ९ टक्क्यांनी वापरले तर व्याज १,८०० होतं, आणि एफडी तशीच राहते.

राजीनामा नको, याचं एक कारण तुमची चार वर्षांची नोकरी. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशाला, पाच लागतात. रजा मात्र लेखी मंजूर करून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. रजेच्या काळात तुमचा पीएफ भरला जाणार नाही, एवढं धरून चाला.

विम्याकडे नीट बघा. शस्त्रक्रियेनंतरच्या किती दिवसांचा खर्च मिळतो ते पॉलिसीत वाचा (बऱ्याच ठिकाणी ६० दिवस). त्या मुदतीतले थेंब आणि तपासण्या यांची बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट जमा करा. चष्मा आणि पट्ट्या सहसा मिळत नाहीत. भूल देऊन केलेली तपासणी ‘केवळ तपासणीसाठी दाखल’ म्हणून नाकारली जाण्याची शक्यता मोठी, म्हणून ती खिशातून धरली आहे. यजमानांनी नोकरी बदलली की हे कवच जाईल, त्यामुळे वेगळी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी, आत्ताच काढा. प्रस्तावात मोतीबिंदू, भिंग, शस्त्रक्रियेची तारीख सगळं लिहा. आधीपासूनच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने असते आणि ती मोजणी आज सुरू झालेली बरी. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तर एजंट बदला.

सासूबाई म्हणतात ते सुकन्या खातं (मुलीच्या नावाची सरकारी बचत योजना) चांगलं आहे, पण शिक्षणासाठीही ते पैसे ती १८ ची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत हाती येत नाहीत. २५० रुपयांनी खातं उघडा आणि या वर्षी त्यात मोठी रक्कम घालू नका. त्यासाठी तुमची नावं असलेला तिचा जन्मदाखला लागेल आणि तो दत्तक आदेशावरून मिळतो. आदेश अजून हातात नसेल तर थांबा. एक लाखाचा चाइल्ड प्लॅन (मुलांच्या नावाने विकली जाणारी विमा-बचत योजना) घेऊ नका, त्याऐवजी दोघांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, तपासा. आदेश आल्यावर एफडी, पीएफ, म्युच्युअल फंड सगळीकडे तिचं नामांकन करा. अज्ञान वारसासाठी पालकाचं नावही द्यावं लागतं.

करसवलतीबद्दल विचारलंत. एक डोळा पूर्ण चांगला असताना दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर फार तर ३० टक्के लागतात. सवलतीला किमान ४० हवेत, तेव्हा त्यामागे धावपळ करू नका.

आता एक वही घाला: तारीख, पट्टी किती तास टिकली, चष्मा किती वेळ राहिला. कृत्रिम भिंग जवळ-दूर जुळवून घेत नाही, म्हणून तिला बायफोकल (वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा) लागतो, आणि फ्रेम नाकावरून घसरली की ती वरच्या भागातून जवळचं बघते. मागे पट्टा असलेली फ्रेम आणि पॉलिकार्बोनेटच्या काचा घ्या, जुनी जोडी जपून ठेवा. पाचव्या महिन्याच्या तपासणीला ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. पट्टी सुरळीत असेल आणि तास वाटून देता येत असतील, तर सकाळी दोन तास तुम्ही, संध्याकाळी दोन तास यजमान, आणि दुपारपुरती बाई. बाईला तुम्ही घरी असतानाच, रजेच्या शेवटच्या महिन्यात, कामाला लावा.