दुखणारी छाती आणि न दुखणारी गाठ

या महिन्यातली निम्मी पत्रं स्तनांच्या दुखण्याबद्दल आहेत. गाठीचा उल्लेख येतो तो पत्राच्या शेवटी, जाता जाता. म्हणून गाठीचं पत्र आज मी सगळ्यात आधी घेतलं आहे.

प्रश्न : वय ५१, पेडणे. उजव्या स्तनात बोराएवढी कडक गाठ लागते, पण दुखत अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात तपासलं तेव्हा काही निघालं नव्हतं. शेजारीण म्हणते, सुई टोचली की कॅन्सर पसरतो. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर दाखवलं तर चालेल?

नाही, ताई. गणपतीवरची माटोळी बांधायला घरात इतर माणसं आहेत. या आठवड्यातच दाखवा.

‘दुखत नाही’ याचा तुम्हाला धीर वाटतो, मला नेमकं तेच खटकतं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. तुमची तशीच असेल असं मी म्हणत नाही, पण पन्नाशीनंतर नव्याने लागलेली गाठ तपासल्याशिवाय सोडायची नसते. दोन वर्षांपूर्वीचा निकाल त्या दिवसापुरता होता. आजच्या गाठीबद्दल तो काही सांगत नाही.

तपासणी तीन टप्प्यांत होते. आधी डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, मग कोअर बायोप्सी. बायोप्सीत जागा बधिर करून जाडसर सुईने शेवईच्या तुकड्यासारखे काही तुकडे काढतात. कामाला लागतात पंधरा-वीस मिनिटं, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून हाताला लागणारी गाठ विसरू नका. काही कॅन्सर त्या फोटोत दिसतच नाहीत.

सुईने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे. नुकसान होतं ते ‘छोटीशी तर आहे, काढूनच टाकू’ म्हणत बायोप्सीशिवाय गाठ कापली जाते तेव्हा. अशी अर्धवट ऑपरेशनं निस्तरताना मला अजूनही चीड येते. कॅन्सर निघालाच आणि तो आधी कळलेला असला, तर ऑपरेशन नीट आखता येतं. पुष्कळदा स्तन न काढता फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून रेडिएशन देता येतं, आणि अशा बायकांचं आयुष्य स्तन काढलेल्यांपेक्षा कमी होत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) या तपासण्या होतात. जुने रिपोर्ट असतील तर सोबत घेऊन जा.

प्रश्न : वय २३, साखळी. डाव्या बाजूला दीड सेंटिमीटरची गाठ आहे, सोनोग्राफीत फायब्रोअॅडिनोमा लिहिलंय. आई म्हणते, लग्नाआधी काढून टाक.

बोटाखालून निसटते ना? तीच तिची खूण. तुमच्या वयात सगळ्यात जास्त आढळणारी ही साधी गाठ आहे. तिच्यामुळे पुढे बाळाला पाजायला अडचण येत नाही. सोनोग्राफीत ती अगदी ठरावीक रूपाची दिसत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, एवढंच. रूपाबद्दल शंका असेल तर सुईची तपासणी. भराभर वाढली, तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा मनाला फारच टोचत राहिली तर काढता येते. लग्न हे मात्र काढण्याचं कारण नव्हे. आईला हा मजकूर वाचायला द्या.

प्रश्न : वय ३८, फोंडा. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात. कॅन्सर तर नसेल?

पाळी आली की दुखणं ओसरतं, म्हणजे हा हार्मोन्सचा चढउतार आहे. नुसतं दुखणं हे कॅन्सरचं लक्षण क्वचितच असतं. दोन महिने कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवसांवर खुणा करा. मापाची, नीट आधार देणारी ब्रा घाला, रात्रीही चालेल. डायक्लोफेनॅक जेल चोळून पुष्कळांना आराम पडतो. प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

दुखणं एकाच जागी असेल तर त्या जागेखालची बरगडी दाबून पाहा. एकीच्या दुखण्याचं मूळ शेवटी खवणीत सापडलं. घरच्या कार्याला तिने एका बैठकीत वीसेक नारळ खवले होते. स्तन ठीक होते, छातीचे स्नायू आखडले होते.

प्रश्न : सहा आठवड्यांची बाळंतीण आहे, काणकोण. एक स्तन लाल, गरम, अंगात ताप. सासूबाई म्हणतात, त्या बाजूने पाजू नको.

पाजा. त्या दुधाने बाळाला अपाय होत नाही, आणि पाजणं एकदम थांबवलं तर दूध साकळून त्रास वाढतो. पंपाने मुद्दाम जास्त दूध काढू नका, जोराने मालीश तर मुळीच नको. थंड पट्टी ठेवा, पॅरासिटामॉल घ्या. दिवसभरात उतार नाही पडला तर डॉक्टरकडे जा, अँटिबायोटिक लागेल. पू झालाच तर हल्ली सोनोग्राफीत बघून सुईने ओढून काढतात, चिरा द्यावा लागतोच असं नाही. एक गोष्ट सासूबाईंनाही सांगा : पाजत नसलेल्या बाईचा स्तन असा लाल झाला आणि औषधाने बरा होईना, तर बायोप्सी करावीच लागते.

प्रश्न : वय ४४, वास्को. स्तनाग्रातून स्राव येतो. काळजीचं आहे का?

रंग तुम्ही लिहिलेला नाही. दाबल्यावर दोन्हीकडून हिरवट-पिवळट येत असेल तर सहसा काही नसतं. दाबणं बंद करा. न दाबता, एकाच छिद्रातून, रक्ताचा किंवा पाण्यासारखा येत असेल तर दाखवायलाच हवं. दुधासारखा दोन्हीकडून असेल तर घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. अॅसिडिटीच्या काही गोळ्यांत डॉम्पेरिडोन हे औषध असतं, त्यानेही असं होतं.