झेरॉक्स घेऊन गेलेला मुलगा

मिरजेच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांचं पत्र आहे. वय 43, तीन हॉस्पिटलांत मिळून वर्षाला शंभरेक गुडघे आणि खुबे बदलतात. त्यांना एक विमा योजना विकली गेलीय: वर्षाला 6 लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 1 कोटी 30 लाख ‘गॅरंटीड’. आठ दिवसांपूर्वी पॉलिसी हातात आली. विचारतात, बरोबर केलं ना?

नाही, डॉक्टर. साठाचे एकशे तीस झाले असं वाटतं, पण वर्षं मोजली की परतावा जेमतेम 5 टक्के. तुमचं गृहकर्ज पावणेनऊ टक्क्यांचं आहे! शिवाय 1 एप्रिल 2023 पासूनच्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता 5 लाखांच्या वर गेला की नफ्यावर कर लागतो. एजंटाने हे सांगितलं नाही, याची मला चीड येते. 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. उद्याच करा.

आता न विचारलेलं. याच एजंटाच्या ‘हॉस्पिटलचा विमा आहे की’ या शब्दावर तुम्ही गेल्या एप्रिलमध्ये इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने भरपाई मागितली तर ती देणारा डॉक्टरचा विमा, बंद केलीत. वर्षाचे 25 हजार वाचवलेत. आणि पत्राच्या शेवटी कंसात लिहिलंय: कर्नाटकातल्या अथणीच्या एका बाईंच्या गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला, कोल्हापुरात पुन्हा ऑपरेशन झालं, मागच्या महिन्यात मुलगा येऊन सगळ्या केसपेपरच्या झेरॉक्स घेऊन गेला.

तो कंस मी तीनदा वाचला.

इन्डेम्निटीत ऑपरेशन कधी झालं एवढंच बघत नाहीत. दावा येतो त्या दिवशीही पॉलिसी चालू असावी लागते. खंड पडला की मागची तारीख, म्हणजे जिच्यापासूनची ऑपरेशनं विम्यात धरतात ती, जाते. म्हणजे सात वर्षं हप्ते भरूनही त्या काळातले सातशे सांधे आज विम्याविना उघडे आहेत. हॉस्पिटलची पॉलिसी मुळात हॉस्पिटलसाठी असते. बाहेरून येणाऱ्या सर्जनचं नाव तिच्यात आहे का, ते तिन्ही ठिकाणी कागदावर बघा.

डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे 1995 पासून पक्कं आहे. दावा कुठे चालणार ते पेशंटने भरलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. अडीच लाख भरलेला पेशंट जिल्हा ग्राहक आयोगातच 1 कोटी मागू शकतो, आणि त्याला तिथे फी शून्य.

जुन्या कंपनीला आजच लेखी विचारा: खंड माफ करून मागची तारीख कायम ठेवाल का? नाही म्हणाले तरी नवी पॉलिसी लगेच घ्या, आणि एका दाव्याची मर्यादा वर्षाच्या मर्यादेइतकीच ठेवा. 1:4 घेतलीत तर 1 कोटीच्या पॉलिसीत एका दाव्याला 25 लाखच मिळतात. फॉर्ममध्ये अथणीची केस लिहा. लपवलीत तर पुढचा प्रत्येक दावा अडचणीत येईल. त्या एका गुडघ्याला नवी पॉलिसी उपयोगी पडेल अशी आशा मी दाखवणार नाही. म्हणूनच परत मिळालेले 6 लाख कर्जातही भरू नका, हाताशी ठेवा. वकील लागणार आहे.

मूळ केसपेपरवर आता एक अक्षरही वाढवू नका. बाई अथणीच्या, म्हणजे बोलणं बहुधा कन्नड. जंतुसंसर्गाचा धोका सांगणारं संमतीपत्र त्यांना समजेल अशा भाषेत होतं का? वकिलाला पहिलं ते पान दाखवा.