पेपर चालू असताना नेट गेलं तर?

"अभ्यास झालेला असतो, पण ऑनलाइन परीक्षेत स्क्रीनवरचा वेळ कमी होताना दिसला की काहीच आठवत नाही. माझ्यात आत्मविश्वासच नाही का?" धुळे-जळगाव-नंदुरबारकडची मुलं मला हे वारंवार विचारतात. एका मुलीचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती शिंदखेडा तालुक्यातली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घरी कपाशीची शेती, परीक्षा मोबाइलवर, रेंज फक्त गच्चीवर. सराव परीक्षेत नेट क्षणभर गेलं आणि तिने मोबाइलच बंद करून टाकला. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, माले काहीच येस नही."

"तुला सगळं येतं गं" असं मी म्हटलं नाही. असा धीर घरी पोहोचेपर्यंतही टिकत नाही. नेट गेलं तेव्हा मनात काय आलं, ते वहीत लिहायला सांगितलं. नेट गेलं म्हणजे पेपर गेला, पेपर गेला म्हणजे नापास, नापास म्हणजे शिक्षण बंद आणि लग्न. ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात अशा आपोआप येणाऱ्या विचारांवर उपचारपद्धती उभी केली. विचार पकडायचा आणि त्याला पुरावा मागायचा. आम्हीही मागितला. आधीच्या सगळ्या सेमिस्टर ती पास होती. एका विषयात गुण कमी पडले होते आणि तेवढंच ती धरून बसली होती.

पण नेटची भीती खरी होती. खेड्यातल्या मुलीला "हे तुझ्या मनाचे खेळ" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून परीक्षा विभागाला विचारायला लावलं: पुन्हा लॉगिन करता येतं का? आधीची उत्तरं राहतात का? दोन्हींना होकार आला. मग घरी सराव पेपर सोडवताना मध्येच डेटा मुद्दाम बंद करायचा, श्वास सावकाश, लांबवत सोडायचा आणि पुन्हा लॉगिन करायचं. पहिल्यांदा हात थरथरले. नंतर ती स्वतःच वेळ मोजू लागली. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून दाखवल्याने येतो, असं मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं. मला ते अशा मुलांमध्ये दिसतं.

परीक्षेत नेट गेलंच. भीती वाटली, पण लॉगिन करून तिने पेपर पूर्ण केला.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर परीक्षेपर्यंत थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.