मुंबईच्या फोर्टमधल्या फ्रीमेसन हॉलवरच्या चिन्हांचा इल्युमिनाटीशी संबंध आहे का?

नाही. या दोन वेगवेगळ्या संघटना आहेत आणि त्यातली एक कधीच संपली.

इल्युमिनाटी ही गुप्त संघटना १७७६ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात अॅडम वाइसहाउप्टने काढली. पुढच्या दहाएक वर्षांतच तिथल्या सरकारने बंदी घालून ती मोडून काढली. तरी ती आजही छुपेपणाने जगावर राज्य करते अशी अफवा आहे, आणि पुरावा म्हणून डॉलरची नोट दाखवतात. पण त्या नोटेवरचा पिरॅमिड आणि डोळा अमेरिकेच्या १७८२ च्या राजमुद्रेतला. पिरॅमिडखाली रोमन आकड्यांत १७७६ आहे, पण ते अमेरिकी स्वातंत्र्याचं साल. व्हॉट्सअॅपवर नेमकं हेच गाळून फॉरवर्ड फिरतात.

फ्रीमेसन, म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद, मात्र आजही आहेत, उघडपणे. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात; भारताची मध्यवर्ती 'ग्रँड लॉज' १९६१ ची. हॉलवर दिसतो तो कंपास आणि गुण्या. गुण्या म्हणजे भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का, हे गवंडी ज्याने तपासतो तेच अवजार! दगडकाम करणाऱ्यांची ही हत्यारं त्यांनी सचोटीची खूण म्हणून घेतली. विधी, हस्तांदोलनाच्या खुणा ते गुप्त ठेवतात, हे खरं, आणि संशय तिथूनच वाढतो.

मुंबईचा इतिहास तर फार बोलका आहे. इथल्या इंग्रजांच्या लॉजमध्ये भारतीय माणसाला प्रवेश मिळणं मुश्किल होतं. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी त्यासाठी धडपड केली, आणि १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज भारतीय लोकांना घेण्यासाठी निघाली. जगावर राज्य करणाऱ्या टोळीपेक्षा मला ही गोष्ट कितीतरी मोलाची वाटते.