गाडीकाकांना विचारा : पुढचे दोनच बदलू का?

प्रश्न : काका नमस्कार. मी इंदूर, लोकमान्य नगर. दीड वर्षापूर्वी सेकंडहँड ऑडी क्यू ७ घेतली, डिझेल, क्वाट्रो. टायरवर २५५/५५ आर १९ १११ असं लिहिलंय. ऑगस्टमध्ये आई-बाबा, पोरं असे सात जण महेश्वरला निघालो होतो, मानपूरच्या घाटात उतरताना ब्रेक मारला आणि गाडी ओल्या रस्त्यावर सरळ सरकत गेली, पुढच्या ट्रकच्या हातभर मागे थांबली. आईनं तेव्हापासून त्या गाडीत बसणं सोडलंय. पुढचे दोन टायर गोटा झालेत, आणि तेसुद्धा आतल्या बाजूनं जास्त. मागच्यांना निम्मं बटण (टायरची नक्षी) शिल्लक आहे. आता शोरूमवाले म्हणतात चारही घ्या आणि ऑडीच्या एओ मार्कचेच घ्या, एकाचे बत्तीस हजार. विजय नगरचा एक टायरवाला म्हणतो त्याच कंपनीचे बिन-एओचे घ्या, पाच हजार कमी, आणि मागचे चांगले आहेत तर दोनच टाका. मित्राच्या ओळखीतला तिसरा एक बाहेरच्या देशातले, नाव कधी न ऐकलेले टायर अठरा हजारात देतोय, फक्त त्यावर १११ च्या जागी १०७ आहे, तो म्हणतो भिया एवढ्यानं काय होतंय. कोणाचं ऐकू? आणि बदलतोच आहे तर २० इंची अलॉय टाकू का, गाडी भारी दिसेल.

उत्तर : आईचं ऐका, म्हणजे टायर बदलेपर्यंत घाटाचं नाव काढू नका. बाकी सांगतो, जरा लांबेल.

तुम्ही मला साइज, भाव, बटण सगळं लिहिलंत पण तारीख नाही लिहिली. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१८ असेल तर २०१८ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. हे चार आकडे बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघा, मोबाइलचा टॉर्च लावा. पत्र आल्यावर तुम्हाला फोन करून बघायला लावलं तेव्हा चारही टायर २०१८ चे निघाले. म्हणजे मागचे दोन ‘चांगले’ आहेत ते फक्त बटणानं. रबर सात वर्षांचं आहे, मालव्याचा उन्हाळा खाऊन खाऊन कडक झालंय. कडक रबर कोरड्या रस्त्यावर काही बोलत नाही, ओल्या रस्त्यावर बोलतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत आणि बटण कितीही असलं तरी दहा वर्षांपुढे चालवूच नयेत असं टायर कंपन्याच सांगतात, मी आपल्या उन्हासाठी सहाच्या वर जात नाही, हे माझं मत आहे, नियम नाही.

आता ‘दोनच टाका’ याच्याबद्दल. मारुती-ह्युंदाईला दोन टायर टाकणं चालतं (तिथंही नवे मागे टाकावेत, पुढे नाही, कारण पावसात मागचं बूड सुटलं की साधा ड्रायव्हर गाडी सावरू शकत नाही). पण तुमची गाडी क्वाट्रो आहे, चारही चाकांना ताकद जाते. नवा टायर साधारण ८ मिमी बटणाचा, तुमचे मागचे ४ मिमीचे. म्हणजे व्यासात ८ मिमीचा फरक. ऐकायला काहीच नाही ना? हिशोब करा. तुमच्या साइजचं चाक एक किलोमीटरला साधारण ४१७ फेरे मारतं, झिजलेलं ४२१ च्या वर मारतं. इंदूर ते भोपाळ १९० किलोमीटरात मागची चाकं पुढच्यांपेक्षा आठशेच्या वर फेरे जास्त मारणार, सरळ रस्त्यावरसुद्धा. हा फरक मधल्या डिफरन्शियलनं (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) गिळायचा. डिफरन्शियल वळणावरचा फरक गिळायला बनवलंय, जन्मभर सरळ रस्त्यावर तेच करत बसायला नाही. त्याच्या दुरुस्तीचं बिल आलं की टायरचे वाचलेले पैसे आठवतील. तेव्हा चारही, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, जमलं तर एकाच तारखेच्या आसपासचे. यात मी शोरूमवाल्याच्या बाजूनं आहे, नेहमी नसतो.

१११ आणि १०७ याच्यात मात्र अजिबात बार्गेन करू नका. तो लोड इंडेक्स आहे. १११ म्हणजे एक टायर १,०९० किलो उचलतो, १०७ म्हणजे ९७५. तिसरा दुकानदार म्हणेल चार गुणिले ९७५ म्हणजे ३,९०० किलो, तुमची गाडी माणसं-सामान धरून तीन टनाच्या आसपास, मग भीती कसली. भीती अशी की वजन चारांवर सारखं कधीच नसतं. सात माणसं बसवून मानपूरच्या घाटात उतरता तेव्हा ब्रेक मारल्यावर सगळा भार पुढे येतो, वळणावर बाहेरच्या एका टायरवर येतो, तेवढ्यात खड्डा आला तर विचारूच नका. शिवाय तुमचे १११ वाले एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड प्रकारचे आहेत, त्यांची बांधणी वेगळी, ते पूर्ण भार ४२ पीएसआय हवेवर उचलतात, साधे ३६ वर. गाडीच्या दरवाज्यात चिकटवलेला हवेचा तक्ता कंपनीनं एक्सएल धरून दिलेला असतो. साधा टायर टाकून तीच हवा भरलीत तर तो तेवढं वजन उचलत नाही, आणि कमी पडलेला टायर तापतो, तापलेला टायर मे महिन्यात एबी रोडवर फुटतो. नियम सोपा आहे, लिहिलेल्यापेक्षा वरचा चालेल, खालचा नाही. त्या आकड्याच्या शेजारी असणाऱ्या स्पीडच्या अक्षराचंही तेच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू २७०. आता तुम्ही म्हणाल २४० नं मी कुठं चालवतोय, खरंय, आपल्या भागात तेवढा वेग काढायची एकच जागा आहे, पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक, आणि तिथं कुणी तुम्हाला पोरांना घेऊन फिरवणार नाही. पण ते अक्षर नुसता वेग सांगत नाही, टायर किती उष्णता सहन करतो हेही सांगतं, आणि उष्णता आपल्याकडे फुकट मिळते.

त्या अठरा हजारवाल्याला आणखी एक विचारा, टायरवर आयएसआय मार्क दाखव म्हणा. आपल्या देशात गाडीच्या टायरला तो सक्तीचा आहे. आणि जून २०२० पासून बाहेरचे नवे टायर आणायला परवाना लागतो, म्हणून मोठ्या गाड्यांच्या साइज मध्येमध्ये बाजारातून गायब होतात आणि म्हणूनच असले बिनबिलाचे सेट फिरतात. मार्क नाही, पक्कं बिल नाही, तर वॉरंटी कोणाकडे मागाल?

राहिला एओ. याचा अर्थ ऑडीनं टायर कंपनीबरोबर बसून तो टायर आपल्या गाडीसाठी जुळवून घेतलाय, आवाज, वळणावरची पकड, रबराचं मिश्रण. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी असते, मर्सिडीजसाठी एमओ, पोर्शसाठी एन ० असं. एओ मिळतो आणि परवडतो तर घ्या, पण बिन-एओ घेतला म्हणून गाडी रुसणार नाही, फक्त चारही सारखे हवेत, दोन एओ दोन बिन-एओ असं करू नका. मी तुमच्या जागी असतो तर विजय नगरवाल्याकडून चार बिन-एओ घेतले असते, त्याच साइजचे, १११ चेच, आणि वाचलेल्या वीस हजारांतून अलाइनमेंट नीट करून घेतलं असतं.

कारण तुमचे पुढचे टायर आतून खाल्लेत, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात पण खरं दुखणं तेच आहे. आधीच्या मालकानं कधीतरी खड्ड्यात जोरात आपटलेली असणार, किंवा खालचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) गेलेत. ते न बघता नवे टायर टाकलेत तर वर्षभरात तेही आतून जातील आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल, या वेळी टायर कंपनीला शिव्या देऊन. आधी बुश आणि जॉइंट तपासा, मग टायर, मग चारही चाकांचं अलाइनमेंट. गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर लिफ्टवर चढवण्याआधी स्क्रीनमध्ये जाऊन जॅक मोड लावायला सांगा, बरेच जण विसरतात.

२० इंची नको. तुमच्या आत्ताच्या टायरची साइडवॉल १४० मिमीची आहे, २० इंचावर बसणाऱ्या २८५/४५ ची १२८ होते. मधलं १२ मिमी रबरच खड्ड्यात रिम वाचवतं. ते गेलं की साइडवॉलला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर भंगारात जातो, त्याला दुरुस्ती नसते. गाडी भारी दिसायची असेल तर धुऊन ठेवा.

दुकानात उभं राहाल तेव्हा बिल करायच्या आधी तारखेचे आकडे चारही टायरांवर स्वतः वाचा, वर्षाच्या आतले मागा. कोटेशनवर अजून २८ टक्के जीएसटी लिहिलेला असेल तर ते जुनं आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवर १८ आहे, बत्तीस हजारातला फरक काही कमी नाही. आणि ‘ऑल टेरेन’ घ्या म्हणून कुणी गळ घालेल, शेतावर रोज जात असाल तर ठीक, नाहीतर हायवेला ते घोंघावत राहतात आणि ओल्या डांबरावर साध्या चांगल्या हायवे टायरपेक्षा लांब थांबतात. पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र कुठलाही टायर घातलात तरी दोन मिनिटांत त्याचा लाडू होतो, तिथं ट्रॅक्टरच बोलवावा.

कायद्यानं १.६ मिमी बटणापर्यंत चालतं, नालीत जी छोटी उंचवट्याची खूण असते तिच्या लेव्हलला आलं की संपलं. पण डग डग रोटी, पग पग नीर म्हणतात मालव्याला, जुलैत रिंग रोडवर ते नीर टायरखालून बाहेर ढकलायला १.६ पुरत नाही, तुमचं घाटात नेमकं तेच झालं, टायर पाण्यावर चढला. ३ मिमी राहिलं की बदला.

प्रश्न : काका, बडोद्याहून लिहितेय, दांडिया बाजार. आमच्या ह्यांची बीएमडब्ल्यू एक्स ५ आहे, पुढे २७५ आणि मागे ३०५ चे रन फ्लॅट. चालताना फार धडाधड लागतं. साधे टाकले तर चालतील का? स्टेपनी नाहीये गाडीत.

उत्तर : चालतील ताई, चारही एकदम टाकायचे. रन फ्लॅटच्या भिंती जाड असतात म्हणून ते हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगानं ८० किलोमीटर नेतात, आणि म्हणूनच धडधडतात. साधे टाकलेत की बसायला फरक पडेल, पण ती ८० किलोमीटरची सोय गेली. मग गाडीत छोटा कंप्रेसर आणि पंक्चर किट हवंच, टायरच्या हवेचा दिवा म्हणजे टीपीएमएस चालू हवा, आणि रात्री-अपरात्री हायवेला ते किट तुम्हाला स्वतः लावता यायला हवं, ‘ह्यांना’ नाही, तुम्हाला. साइडवॉलला कट गेला तर किटचाही उपयोग नाही, टोइंगवाल्याचा नंबर ठेवा. तुम्ही गाडी जास्त करून गावातच फिरवत असाल तर मी साधे घेईन, रोज रात्री मुंबई-अहमदाबाद करत असाल तर रन फ्लॅटच ठेवीन. आणि पुढचे-मागचे वेगळ्या रुंदीचे असल्यानं ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत, मागचे लवकर जातील, त्याला इलाज नाही.

बाय द वे तुमच्या वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोचा कारखाना आहे, आमच्या पिथमपूरजवळ खेड्याला ब्रिजस्टोनचा, ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेकेचा. गायकवाड, होळकर, शिंदे तिघांच्याही अंगणात टायर बनतो आणि तिन्ही गावचे मराठी लोक मला विचारतात की परदेशी कुठला घेऊ!

प्रश्न : ग्वाल्हेर, लष्कर. नायट्रोजन भरावा का?

उत्तर : साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा. पैसे घालवायचेच असतील तर हवा मोजायचा चांगला गेज घ्या आणि महिन्यातून दोनदा सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. तुमच्याकडे मेची दुपार आणि जानेवारीची पहाट यांत एवढा फरक असतो की तीच हवा सहा-सात पीएसआयनं खालीवर होते, डिसेंबरात टायरच्या हवेचे दिवे लागतात ते त्यामुळेच, पंक्चरवाल्याकडे पळू नका, आधी हवा भरा.