पोच घेतलीत का?

गणपती होऊन गेले की या सदराच्या टपालात बँकांची पत्रं वाढतात. ऑनलाइन मागवामागवी झालेली असते, मुंबईच्या पोरांनी आईबापांच्या मोबाइलवर चार नवी ॲपं घालून दिलेली असतात आणि स्टेटमेंटं आता यायला लागतात. मी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला केली, आता बाहेरच्या रांगेत उभी असते. तेव्हा दोन्हीकडच्या सबबी मला तोंडपाठ आहेत. पत्रं थोडी आवरून आणि नावं गाळून छापते आहे.

निवृत्त शिक्षक, दापोली तालुका

ताई, मुलाच्या आग्रहाने क्रेडिट कार्ड घेतलं, लिमिट दीड लाख. शनिवारी रात्री सव्वाअकराला ४८,६०० रुपयांचा मेसेज आला, कुठल्याशा परदेशी वेबसाइटवरच्या खरेदीचा. ओटीपी आलाच नाही, तर देणार कुणाला? वीज गेलेली, रेंज जेमतेम. कसंबसं कार्ड ब्लॉक केलं. रविवार सुट्टीचा, सोमवार सणाचा. मंगळवारी शाखेत गेलो तर म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिला असणार. शिवाय तीन दिवस उलटले. आधी एफआयआर आणा." हे पैसे माझ्याच बोकांडी बसणार का?

गुरुजी, आधी तारखा मोजू, कारण शाखेने त्या चुकीच्या मोजल्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन दिवस म्हणजे कामकाजाचे तीन दिवस, तेही तुमच्या शाखेच्या कामकाजाचे, आणि मेसेज आला तो दिवस सोडून. शनिवार गेला, रविवार गेला, सणाचा सोमवार गेला. मंगळवार हा तुमचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी तुम्ही दारात उभे होतात. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी हात मारलाय, अशा वेळी तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाच्या माथी शून्य रुपये. चार ते सात दिवसांत कळवलं तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डाला जास्तीत जास्त १०,००० आणि त्याहून मोठ्या लिमिटला २५,०००. सात दिवसांपुढे मात्र बँकेच्या संचालक मंडळाचं धोरण लागू. चूक बँकेचीच असेल तर तुम्ही कधी कळवलंत हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे निम्म्या गावाची खाती सहकारी बँकांत असतात म्हणून सांगते, त्यांच्यासाठी असंच परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालं आहे.

आता ते "ओटीपी तुम्हीच दिला असणार". हे वाक्य फेकायला सोपं, कारण फेकणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. तुम्ही मागा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलं आहे. तेव्हा विचारा: ओटीपी किती वाजता, कुठल्या नंबरवर पाठवला, त्याची नोंद दाखवा. बहुधा नोंद नसेलच. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला दुसरी खातरजमा २००९ पासून सक्तीची आहे, पण परदेशातल्या पुष्कळ साइटवर कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होत आलं आहे.

दुसरा प्रश्न याहून अवघड विचारा. या कार्डाचा परदेशी वापर चालू कुणी केला? १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ठरवलंय की नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं), हे तिन्ही कार्डधारकाने स्वतः चालू करायचे. जुन्या कार्डांतही जी कधी अशी वापरलीच नव्हती, त्यांची ती सोय बंद करायला सांगितलं होतं. तुम्ही ते बटण दाबलं नसेल तर कुणी दाबलं, हे बँकेने लेखी सांगावं. कार्ड घेताना चिरंजीवांनी घाईत सगळीच बटणं हिरवी केली नाहीत ना, एवढं मात्र शाखेत जाण्याआधी घरात विचारून घ्या.

एफआयआर ही त्या परिपत्रकातली अट नाही. पण १९३० वर फोन करून किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक बँकेच्या अर्जात घाला. तोंडाला कुलूप लागतं.

अर्ज लांबलचक नको. "अमुक तारखेला इतक्या वाजता माझ्या कार्डावर ४८,६०० रुपयांचा व्यवहार झाला. तो मी केलेला नाही. कार्ड ब्लॉक केल्याची वेळ अमुक. दि. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रक्कम परत जमा करावी." बस्स. दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. इथेच घोडं अडतं. "कार्डाचं काम मुंबईहून चालतं, शाखेचा संबंध नाही," असं सांगून कागद परत सरकवतात. पोच मिळत नसेल तर त्याच खुर्चीत बसून कार्ड विभागाला ईमेल करा, शाखेच्या पत्त्यावर प्रत टाका, तक्रार क्रमांक आल्याशिवाय उठू नका. आतल्या माणसाला तोंडी तक्रारीचा त्रास होत नाही, नोंद झालेल्या कागदाचा होतो, हे मी आत बसून पाहिलंय.

कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तरी जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. फसवणूक म्हणून वादात असलेल्या रकमेवर तोवर दंड-व्याज लावता येत नाही. बिलातली बाकीची रक्कम मात्र वेळेवर भरा. रागाने अख्खं बिल थकवणारे पुष्कळ पाहिलेत. मग मूळ वाद बाजूला राहतो आणि थकबाकीचीच नोटीस येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे.

पुढच्यासाठी एक. माझ्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर चार पट्ट्या दिसतात: दुकान, एटीएम, ऑनलाइन, टॅप. प्रत्येकीत भारत आणि परदेश वेगळे, आणि खाली रकमेची मर्यादा. परदेश सगळीकडे बंद. टॅपही बंद, कारण ५,००० रुपयांपर्यंत ते पिन न विचारता चालतं आणि माझी पर्स मी कुठेही विसरते. ऑनलाइन मी तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं असेल तेवढ्यापुरतं उघडते आणि तिकीट हातात आलं की बंद करते. मुलगी हसते. हसू दे.

एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही कार्डांच्या बाजूने फार लिहिता. माझं मत विचाराल तर क्रेडिट कार्ड म्हणजे विकतचं दुखणं. डेबिट कार्ड आहे, आपले पैसे आहेत, तेवढेच वापरावेत.

खर्चाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. 'किमान देय रक्कम' भरून गप्प बसणारा माणूस व्याजाच्या गाळात रुततो, आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. पण सुरक्षिततेचा हिशेब उलटा आहे. डेबिट कार्डावर चोरी झाली की तुमच्या बचत खात्यातले पैसे जातात, पेन्शन त्यातच, कर्जाचा हप्ता त्यातूनच, आणि परत मिळेपर्यंत तुम्ही उसनवारी करायची. क्रेडिट कार्डावर झाली तर भांडण बँकेच्या पैशांवर चालतं. मी ऑनलाइन खरेदीला लहान लिमिटचं क्रेडिट कार्ड वापरते आणि पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड एटीएमपलीकडे कुठे नेत नाही. तुम्ही रोखीने भागवत असाल तर उत्तमच, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

होमस्टे चालवणारी वाचिका, मालवण

दिवाळीसाठी दोन खोल्या हव्यात म्हणून फोन आला, लष्करात अधिकारी आहे म्हणाला. ओळखपत्राचा फोटो पाठवला. "आमचे पैसे सरकारी खात्यातून येतात, आधी एक रुपया पाठवून बघतो," म्हणाला, आणि एक रुपया खरोखर आला. मग क्यूआर पाठवला, "स्कॅन करून पिन टाका म्हणजे ॲडव्हान्स जमा होईल." १८,००० गेले. बँक म्हणते पिन तुम्ही टाकलात. घरचे रोज बोलतात.

घरच्यांना आधी गप्प बसवा. हीच गोष्ट आंब्याच्या दिवसांत बागायतदारांना 'वीस पेट्या हव्यात' म्हणून सांगतात आणि तुम्हाला खोल्यांच्या नावाने सांगितली. तो एक रुपया फार विचार करून पाठवलेला असतो.

बँकेचं म्हणणं नियमाला धरून आहे, हे तुम्हाला गोड बोलून टाळणार नाही. पिन किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर मात्र जे जाईल ते बँकेचं. म्हणून अशा वेळी पहिला फोन १९३० ला, दुसरा बँकेला, नवऱ्याला तिसरा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात तेवढ्या वेळातच ते वाटेत गोठवता येतात. तुम्ही चार तास रडण्यात घालवलेत असं लिहिलंय, तरी तक्रार अजून करा. त्या खात्यात काही उरलं असेल तर अडकून राहील.

यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच नाही. पैसे मागणारी 'रिक्वेस्ट' एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, क्यूआरची वाट मात्र उघडीच आहे. खोल्यांसाठी वेगळं खातं काढा, त्याचा क्यूआर पडवीत लावा आणि त्यातले पैसे दर दोन दिवसांनी काढून घ्या.

आणि बँकांबद्दल थोडं बोलू द्या. एका बाजूने रोज मेसेज, 'कुणालाही माहिती देऊ नका'. दुसऱ्या बाजूने माझ्याच बँकेच्या कार्ड विभागातून एक मुलगी फोन करते आणि खात्री पटवायला माझी जन्मतारीख विचारते! मी म्हटलं, आधी तू तुझी खात्री पटव. आता बँकांच्या अशा फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरले आहेत आणि बँकांच्या वेबसाइटचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' ने संपतात. दहा आकडी साध्या मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हटलं की मी ठेवून देते, मग तो खराच का असेना.

एक वाचक, राजापूर

पेट्रोल पंपावर एका मुलाने 'आयुष्यभर फुकट' म्हणून कार्ड दिलं. आता वार्षिक फी ५०० आणि जीएसटी मिळून ५९० लावलेत. बंद करायला सांगितलं तर टपालाने अर्ज पाठवा म्हणतात.

टपालाचीच अट घालता येत नाही. १ जुलै २०२२ पासूनच्या नियमांत ते स्पष्ट आहे. बाकी भरा, ईमेलने किंवा ॲपवरून बंद करायला सांगा आणि तारीख लिहून ठेवा. बाकी शून्य असेल तर कामकाजाच्या ७ दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. 'फुकट' म्हटल्याचा त्या मुलाचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर फी परत मागताना जोडा. नसेल तर ५९० विसरा.

चाकरमानी, डोंबिवली (गाव गुहागर तालुक्यात)

आई-बाबा दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. घरात रेंज नाही, ओटीपी यायचा तर सड्यावर जावं लागतं. म्हणून त्यांच्या खात्याला माझा मोबाइल नंबर जोडलाय. बरोबर केलं का?

सोयीचं केलंत, पण मग खात्यातून काय गेलं ते आईबाबांना कळतच नाही, आणि खातं त्यांचं आहे. नंबर त्यांचाच ठेवा, ईमेलवरचे मेसेज तुमच्याकडे येऊ द्या. त्या खात्याचं ऑनलाइन बंद करा. त्यांना काही मागवून द्यायचं तर तुमच्या कार्डावरून द्या. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच रोख, चेकबुक वगैरे सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ ला बँकांना सांगितलं आहे. गावच्या शाखेत ती कितपत मिळते ते विचाराच, आणि विचारणा लेखी करा. एक पाहून या: बहुतेक घरांत एटीएमचा पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला सापडतो, गॅसच्या नंबराशेजारी.

आंबा बागायतदार, देवगड

एटीएममधून १०,००० काढताना वीज गेली. नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र कापले गेले. आठवडा झाला.

व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही न मागता द्यायची. मशीन कुठल्याही बँकेचं असलं तरी तक्रार आपल्या बँकेत. पावती निघाली नसेल तर मशीनवर चिकटवलेला एटीएम क्रमांक आणि वेळ अर्जात लिहा. पोच घ्या.