ब्युरोला फोन करण्याआधी

प्रश्न : आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, पुढच्या आठवड्यात दादरला घरी आणतोय. घरी नर्स-आया पुरवणारा ब्युरोवाला म्हणतो २४ तासांची नर्स देतो. घ्यावी का?

आधी काम काय आहे ते बघा. इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, नळीतून फीडिंग असेल तर नर्स, आणि मग एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) की जीएनएम (पूर्ण नर्सचा कोर्स) ते विचारा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवायला सांगा. नुसती आंघोळ, बेडपॅन, धरून चालवणं एवढंच असेल तर अनुभवी आया बास झाली, उगाच नर्सचे पैसे कशाला. काही ब्युरोवाले पांढरा कोट घालून कोणालाही सिस्टर म्हणून पाठवतात, तेवढं सांभाळा. आणि २४ तास म्हणजे ती बाई २४ तास जागी नसते हो, आई रात्री चारदा उठत असतील तर १२-१२ तासांच्या दोन शिफ्टच लागतील. बदली कोण येणार हे आत्ताच वदवून घ्या, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला आणि बाई कर्जतहून येणारी असली की समजेल मी काय म्हणतेय ते. पहिले एक-दोन दिवस स्वतः घरी थांबा आणि ती आईंना खाटेवरून कशी उठवते ते बघा. दंडाला धरून ओढत असेल तर त्याच दिवशी दुसरी मागा.

प्रश्न : बाबांना डिमेन्शिया आहे. बदलापूरकडचे तीन वृद्धाश्रम काढलेत, फोटो तर छान आहेत.

फोटो राहू द्या. न सांगता संध्याकाळी सातला, जेवणाच्या वेळी जा. भरवताना घाई चाललीय का, माणसांची नखं कापलेली आहेत का, पाण्याचा ग्लास हाताला लागेल असा ठेवलाय का. झोपून असलेल्यांच्या टाचा बघायला मिळाल्या तर बघाच, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, तिथेही होतात. आत सोडलंच नाही तर ते नाव यादीतून खोडा. डिमेन्शियावालं माणूस रात्री उठून चालायला लागतं, म्हणून रात्री स्टाफ किती आणि गेटवर कोण हे खोदून विचारा. "आम्हाला झेपत नाही, घेऊन जा" असं कधी म्हणणार आणि डिपॉझिट किती परत देणार, हे लेखी घ्या.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा, गिरगावात एकटा. भाचा म्हणतो फ्लॅट नावावर करा, मी सांभाळतो.

काका, घाई नको. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायची अट घालून गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) केलं आणि त्याने सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल ते रद्द करू शकतं. पण अट कागदावर नसेल तर अवघड होतं. मला विचाराल तर मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येतं. कोणी त्रास देत असेल तर १४५६७ ही एल्डरलाइन, म्हणजे ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

प्रश्न : काकांचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला, घर वन रूम किचन.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, अशाच पेशंटसाठी आणि मोफत. सगळे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन चौकशीला जा, उद्याच जा.

प्रश्न : आयाचा पगार आयुष्मान कार्डातून मिळतो का?

नाही. ७० वर्षांवरच्यांना वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, पण ते हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर. आया खिशातूनच.